खिळ्यावर न टांगलेलं पॅड

नासीरभाईंच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर जे ओरखडे उठले, ते युनूसच्या हातचे नव्हते, माझ्या हातचे होते. एवढं एक वाक्य मी युनूसच्या तोंडावर बोलायला हवं होतं. बोलायला वेळ भरपूर होता. आम्ही दोघं रोज सकाळी एकाच शेडचं शटर उचलायचो, दुपारी एकमेकांच्या डब्यातलं खायचो, संध्याकाळी एकाच साबणानं हात धुवायचो. तरी मी बोललो नाही, आणि आता तो नाही. त्याच्याबद्दल चांगलं लिहिणं सोपं आहे. बुलढाण्यात ज्याच्याकडे चारचाकी आहे त्यातल्या निम्म्यांनी तरी कधी ना कधी त्याच्याकडून गाडीला पॉलिश करून घेतलं असेल, आणि त्यातलं कोणीही त्याला वाईट म्हणणार नाही. पण आधी माझं लिहिलं नाही, तर त्याच्याबद्दलचं प्रत्येक चांगलं वाक्य वॅक्ससारखं होईल... वरून चकाकणारं, खालचं झाकणारं.

बातमी फोनवर आली. सकाळी मी नुकताच चहा घेऊन ओट्यावर बसलो होतो. फोन नासीरभाईंचा होता. नासीरभाई म्हणजे युनूसचे थोरले भाऊ. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, पण कित्येक वर्षांत त्या नंबरावरून फोन आलेला नव्हता. "प्रमोद," ते म्हणाले, "युनूस गेला. फजरची नमाज पढून आला, बसला, पाणी मांगतलं अन्‌... तू ये." मला त्या क्षणी मरण कळलंच नाही. मला एवढंच कळलं की नासीरभाईंच्या तोंडून युनूसचं नाव निघालं आहे.

देऊळघाटला पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. त्या अंगणाच्या मधोमध एक भिंत आहे, छातीएवढ्या उंचीची. वडील गेल्यावर नासीरभाईंनी ती घातली. त्या दिवशी माणसं भिंतीच्या दोन्ही बाजूंना उभी होती आणि नासीरभाई युनूसच्या बाजूला, जनाज्याच्या उशाशी. त्यांनी शेवटपर्यंत खांदा सोडला नाही. कब्रस्तानात माझी पाळी आली तेव्हा मीही मूठभर माती दिली. हात मातीनं भरले होते, आणि मी ते सवयीनं पँटला पुसले. पुसता पुसता थांबलो. मातीचा हात पँटवर घासणं... ही हालचाल माझ्या हाताला ओळखीची होती. त्या काळ्या गाडीच्या दिवशीही हात असाच फिरला होता. तेव्हापासून मी पँटला हात पुसत नाही. खिशात फडकं ठेवतो.

युनूस आणि मी शाळेपासूनचे. माझं स्टेशनरीचं दुकान चाललं नाही तेव्हा मी घरात बसून होतो. एक दिवस तो स्कूटरवरून आला आणि दारातूनच ओरडला, "काऊन बे, घरात बसून अंडे उबवून राह्यला काय? चाल, हात लाव कामाले." देऊळघाट रोडला त्याचं पत्र्याचं शेड होतं. तोवर तो जुन्या पद्धतीच्या मशीनवर काम करायचा, जे एकाच जागी गरगर फिरतं आणि जरा हात थबकला की रंग जाळून टाकतं. मग संभाजीनगरला जाऊन त्यानं ऑर्बिटल बफर आणलं. त्याची तबकडी फिरते आणि फिरता फिरता डोलतेही, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. पहिल्या दिवशी त्यानं ते मला समजावून सांगितलं ते असं : "जुनं मशीन म्हंजे चिडलेला सासरा. जिथं उभा राह्यला तिथं जाळते. हे कसं, झोक्यावरचं लेकरू. तू फक्त धरून राह्य, जोर नको लाऊ." मी जोर लावायचो. तो माझ्या मनगटावर बोट टेकवून उभा राहायचा. बोटाखाली जोर जाणवला की म्हणायचा, "लेकराले ढकलून राह्यला बे तू."

आमच्या शेडचा एक रिवाज होता आणि या लेखातलं सगळं त्यावर उभं आहे. मशीनच्या तबकडीला स्पंजाचं गोल पॅड चिकटवतात. ते कधी हातून, कधी मशीनवरून सुटून खाली पडतं. आमच्या शेडची जमीन मुरमाची. पडलेल्या पॅडमध्ये एखादा कण शिरला तर डोळ्याला दिसत नाही, झटकून निघत नाही, आणि ते पॅड गाडीवर फिरवलं तर रंगावर लहान लहान वेटोळी उठतात. म्हणून पॅड पडलं की कोणीही असो, त्यानं ते दाराजवळच्या खिळ्यावर टांगायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं "माह्या हातून पडलं" म्हणायचं आणि स्वतः जाऊन समोरच्या टपरीवरून चहा आणायचा. संध्याकाळी ते पॅड धुवून तारेवर वाळत जायचं. मोठ्यानं म्हणायचं अशासाठी, की दुसऱ्यानं ते चुकून उचलू नये. युनूसच्या हातूनही पॅड पडायचं. गिऱ्हाईक समोर असलं तरी तो खणखणीत आवाजात म्हणायचा आणि हसत चहाला जायचा. माझ्या हातून जास्त पडायचं. मग तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्या प्रमोदचा हात म्हंजे पिकलेलं बोर हाये. वारा आला का पडलं." गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायचो, पण पुढं पुढं मला ते टोचायला लागलं होतं. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला चारचौघांत असं म्हटलेलं... त्यानं ते प्रेमानं म्हटलं होतं, हे मला आज कळतं.

नासीरभाईंनी मुलाच्या लग्नासाठी जुनी पण चांगली काळी गाडी घेतली. वरात त्या गाडीतून जानेफळला जायची होती. भिंत घातल्यापासून दोघा भावांत बोलणं कमी झालं होतं. भिंत उठत होती तेव्हा युनूस रागात बोलून गेला होता, "घाला भिंत. माह्या हातचं काही चांगलं आता तुमच्या अंगणात येनार नाई." त्या बोलण्याचा त्याला फार पस्तावा होता. म्हणून गाडी घेतल्याचं कळताच तो स्वतः भिंतीपाशी गेला आणि म्हणाला, "भाई, गाडी मले द्या. वरातीच्या आधी आरसा करून देतो." नासीरभाईंनी भिंतीवरून चावी दिली. ती चावी तो दिवसभर खिशात चाचपून पाहत होता.

छत, दरवाजे, डिकी, सगळं त्यानं एकट्यानं केलं. मला फक्त फडकी धुवायला लावली. कापसाचा हंगाम होता. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जायच्या आणि त्याचे पुंजके उडून ओल्या वॅक्सला चिकटायचे. तो एकेक पुंजका फुंकर घालून काढायचा. शुक्रवारी बॉनेट तेवढं उरलं. त्याचं पहिलं घासणंही त्यानंच केलं, आणि जुम्म्याच्या नमाजला निघताना मशीन माझ्या हातात दिलं. "बॉनेट तुह्यावर सोडतो. चेहरा हाये गाडीचा, जपून."

तो गेला आणि थोड्याच वेळात पॅड सुटलं. तबकडीची पकड जुनी झाली होती. पॅड उंबऱ्याजवळच्या मुरमात पडलं, कामाची बाजू खाली. त्या आठवड्यात माझ्या हातून आधीच बऱ्याचदा पॅड पडलं होतं. तारेवरची बाकीची पॅडं ओली होती. मी खिळ्याकडे पाहिलं. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं, "माह्या हातून पडलं" ऐकायलाही कोणी नव्हतं. त्यानं बॉनेट मोठ्या विश्वासानं माझ्यावर सोडलं होतं, आणि तो परत येईल तेव्हा खिळ्यावर पॅड टांगलेलं दिसेल आणि बॉनेट अर्धवट... मला ते बोर पुन्हा ऐकायचं नव्हतं. मी पॅड उचललं, पँटला घासलं, फुंकर मारली आणि परत लावलं.

आवाज बदलला होता. बफर नीट चालतं तेव्हा मधमाश्यांसारखं एकसारखं गुणगुणतं. त्या दिवशी गुणगुणण्याच्या आत बारीक करकर होती. ती मला ऐकू आली आणि तरीही मी हात थांबवला नाही, जाईल म्हणून. फडक्यानं पुसून वाकून पाहिलं तर दारातून येणाऱ्या उजेडात सगळ्या बॉनेटवर वेटोळी होती. कोळ्यानं जाळं विणावं तशी, एकात एक. मग मी वॅक्सचा डबा उघडला. जाड थर दिला, पुसला, पुन्हा दिला. वॅक्स ओरखड्यांत भरलं आणि बॉनेट काळ्या पाण्यासारखं झालं. ते पॅड मी शेडमागच्या नालीत फेकून आलो.

युनूस आला, सावलीतच बॉनेटसमोर उकिडवा बसला आणि त्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसला. "हात बसला बे तुहा!" तो म्हणाला. "आज चहा माह्याकडून." आणि स्वतः जाऊन चहा घेऊन आला. तो चहा मी प्यालो. त्यानं दिलेली ती शाबासकी मला अजून ऐकू येते, त्याच आवाजात, आणि ती आठवली की मला त्याच्या सगळ्या टोमण्यांची भूक लागते.

काम संपल्यावर गाडी उन्हात काढून पाहायची त्याची पक्की सवय होती. कपाळावर आडवा हात धरून, मान तिरकी करून तो पाहायचा. सावलीत रंग काहीही लपवतो, तिरप्या उन्हात लपवता येत नाही. काचा आणि टायर झाल्यावर तो म्हणाला, "चाल, उन्हात काढू." मी म्हणालो, आरशाभोवतीचा टेप काढायचा राहिलाय. मग म्हणालो, पायपुसणी वाळायची आहेत. मी हात मुद्दाम सावकाश चालवत होतो. शेडसमोरच्या टेकडीमागं ऊन लवकर उतरतं. ते उतरलं. नासीरभाई आले तेव्हा संधिप्रकाश होता आणि गाडी खरंच आरशासारखी दिसत होती. त्यांनी युनूसला मिठी मारली. माझ्या मनात आलं, झालं, निभावलं... भाऊ एक झाले. माझ्या फसवणुकीतून चांगलंच निघालं, असं मी त्या रात्री स्वतःला सांगितलं.

वॅक्स कायम राहत नाही. वरातीची धूळ, गुलाबपाणी, चिकटलेल्या पाकळ्या, दर वेळचं धुणं... हळूहळू ते निघून गेलं. महिन्या-दीड महिन्यानं नासीरभाई सुनेच्या माहेरी जेवायला जानेफळला गेले. गाडी भर दुपारी अंगणात उभी होती. व्याह्यांकडचं कोणीतरी सगळ्यांसमोर म्हणालं, "भाई, गाडी भांड्याच्या घासणीनं धुता काय?" नासीरभाई तिथून थेट आमच्या शेडवर आले. गाडी उन्हात लावली. युनूस बाहेर आला आणि त्याला काही विचारावं लागलं नाही. दिसतच होतं.

"भिंतीचा राग माह्या गाडीवर काढला तू," नासीरभाई म्हणाले. "बोललाच होता, माह्या हातचं चांगलं येनार नाई म्हून. कर म्हणालो होतो का मी? तूच आला होता चावी मांगाले."

युनूस बॉनेटवर बोट फिरवत राहिला. मी दारात उभा होतो, हातात टेपचं रीळ, अगदी त्या रिकाम्या खिळ्याशेजारी. मग तो म्हणाला, "माह्याच हातचं हाये भाई. पन जाणून नाई केलं. गाडी ठेवून जा, काढून देतो."

"आता हात नको लाऊ," नासीरभाई म्हणाले आणि गेले.

युनूसनं माझ्याकडे पाहिलं नाही. न पाहण्याचा अर्थ मी आजपर्यंत लावतो आहे. बॉनेट शेवटी माझ्या हातात होतं, हे त्याला माहीत होतं. वेटोळी कशानं उठतात, हेही माहीत होतं. तरी त्यानं माझं नाव घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. एवढंच झालं की त्यानंतर एकदा माझ्या हातून पॅड पडलं तेव्हा मी काही म्हणायच्या आत त्यानंच ते उचललं, खिळ्यावर टांगलं आणि चहाला निघून गेला. बोराचा विनोद त्यानं पुन्हा कधी केला नाही. त्याला कळलं होतं का? की स्वतःच्याच हाताला दोष देऊन त्याचं हसू गेलं होतं? दोन्हीपैकी काय जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

भाऊ बोलायचे बंद झाले. बायका भिंतीवरून वाट्या देत-घेत राहिल्या, भाऊ नाही. एका ईदला मी युनूसकडे शीरखुर्मा खात होतो, आणि भिंतीपलीकडून नासीरभाईंच्या खोकल्याचा आवाज आला. युनूसचा चमचा थांबला. खोकला थांबेपर्यंत तो थांबला आणि मग पुन्हा खायला लागला. युनूसची बायको, शबानाभाभी, मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी समजवा ना दोघायले." माझ्या तोंडात घास होता. तो गिळला आणि मी म्हणालो, "पाहतो." एवढंच. पाहत राहिलो, वर्षानुवर्षं.

तो गेल्यानंतर मला शेडमध्ये बसवेना. बफर बंद केलं तरी गुणगुण कानात राहायची. स्टीलच्या ताटावर, चष्म्याच्या काचेवर, मोटरसायकलच्या टाकीवर, जिथं तिरपं ऊन पडेल तिथं मला वेटोळी दिसायला लागली. बायको म्हणाली, डोळे तपासून घ्या. डोळ्यांत काही नव्हतं. शेवटी काही आठवड्यांनी एका सकाळी मी घरी आणून ठेवलेलं मशीन पिशवीत घातलं आणि देऊळघाटला गेलो.

नासीरभाईंच्या बाजूला पत्र्याखाली ती गाडी कापडाखाली झाकलेली होती. गाडी ते फार कमी काढायचे. मी म्हणालो, कापड काढू का? त्यांनीच काढलं. बॉनेट तसंच होतं. ते त्यावर हात फिरवत म्हणाले, "रोज सकाळी इथं येऊन बसतो. मुलगा म्हनते, अब्बा, रंग मारून घेऊ. म्या नाही म्हनतो. त्याच्या हातचं एवढंच राह्यलं माह्यापाशी. जसं हाये तसं."

मी पिशवी खाली ठेवली. मला परत फिरावंसं वाटलं. हे मला माहीत नव्हतं. मी ठरवून आलो होतो की सांगेन, त्यांचा राग झेलेन, बॉनेट नीट करून देईन. पण इथं राग नव्हता. इथं एक म्हातारा माणूस भावाची खूण म्हणून माझ्या चुकीवर हात फिरवत होता. गप्प बसलो असतो तर ती खूण त्यांच्यापाशी राहिली असती... आणि युनूसवरचा डागही.

मी सांगितलं. पॅड, मुरूम, पँट, वॅक्स, टेप काढण्यात घालवलेला वेळ, सगळं. ते ऐकत होते आणि त्यांचा हात बॉनेटवर होता. मध्येच त्यांनी तो उचलला, चटका बसावा तसा.

"म्हंजे हे बी त्याचं नाही?" ते म्हणाले.

ते भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्यानं काऊन घेतलं आपल्यावर? अन्‌ म्या काऊन मानलं... इतके वर्षं भिंतीच्या या बाजूनं त्याचं नमाजाआधीचं वजूचं पाणी ऐकत होतो म्या." मी त्यांच्या पायांशी बसलो. त्यांनी मला उठवलं नाही, ढकललंही नाही.

मला सुचलं ते एवढंच. मी म्हणालो, "नासीरभाई, गाडी जरा उन्हात काढा." त्यांनी काढली. मी त्यांना बॉनेटपासून मागं नेलं, डिकीशी उभं केलं आणि म्हणालो, "हे त्याचं. छत त्याचं. चारही दरवाजे त्याचे. यांना माझा हात लागलेला नाही." नासीरभाईंनी कपाळावर आडवा हात धरला आणि मान तिरकी केली, हुबेहूब युनूससारखी. दोघांना ती लकब एकाच बापाकडून आली असणार, माझ्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं. रंग थोडा मंद झाला होता, धुळीचा एक पापुद्रा होता, पण खाली एकही वेटोळं नव्हतं. छतात आभाळ स्वच्छ उतरलं होतं. ते एकेक दरवाजा पाहत गाडीभोवती फिरले, बॉनेट सोडून.

बॉनेट मी करून देऊ का, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आज नाही. आज तू जा." हे त्यांनी रागानं म्हटलं की थकून, मला कळलं नाही. मला माफ केल्याचं ते म्हणाले नाहीत, आणि मी माफी मागितलीही नाही. मला ज्याची माफी मागायची होती तो तिथं नव्हता.

परत येताना मी शेड उघडलं. कितीतरी दिवसांनी शटर उचललं, तर युनूसचा रुमाल अजून तारेवर होता. दाराजवळचा खिळा रिकामा होता. त्या दिवशीचं पॅड मी नालीत फेकलं होतं, ते आता कुठून आणून टांगणार? मी समोरच्या टपरीवर गेलो, चहा घेऊन आलो. एक ग्लास तो ठेवायचा तिथं, पिंपाच्या झाकणावर ठेवला. रस्त्यानं एक कापसाची गाडी गेली आणि एक पुंजका आत उडून आला, ग्लासाच्या कडेला चिकटला. मी तो फुंकर घालून काढला. मग खिळ्यासमोर उभा राहून, टपरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"युनूस, माह्या हातून पडलं. मले माफ कर."